एंटर, टॅब आणि उसाचा काटा

दिवाळीत नगरला गेलो होतो. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण एसटीच्या खिडकीवर तोंडातून अजून 'एक नगर द्या'च निघतं. तेव्हा इथेही तसंच लिहितोय.) घरच्या एका ठेवीच्या कामासाठी पतसंस्थेत जावं लागलं. काउंटरवरची मुलगी हुशार होती, बोटं भराभर चालत होती. पण सॉफ्टवेअर नवीन होतं, ब्राउझरमध्ये चालणारं. ती खातेनंबर टाकायची, सवयीनं एंटर मारायची आणि काहीच व्हायचं नाही. मग मान वर करून कर्सर कुठे गेला ते शोधायचं, माउस धरायचा, पुढच्या चौकटीत क्लिक करायचं, पुन्हा कीबोर्ड. मागे आम्ही दहा जण. माझ्या मागचे आजोबा म्हणाले, "कॉम्प्युटर आल्यापासून लईच वेळ लागतो बुवा."

बाकीचे हसले. मला काही हसू आलं नाही. कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी अशीच एक रांग मी स्वतः लांबवली होती. ती माणसांची नव्हती, उसाच्या गाड्यांची होती.

ती गोष्ट सांगायची तर आधी 'फोकस' म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्यातले निम्मे लोक हेच काम करतात, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. स्क्रीनवर चौकटी वीस असतात, बटणं दहा असतात, पण कीबोर्ड एकच. तुम्ही ७ दाबलात तर तो ७ नेमका कुणाला द्यायचा? त्या क्षणी ज्याच्याकडे फोकस असेल त्याला. बस, एवढंच. माउसला हा प्रश्न पडत नाही, कारण तो जिथे बोट ठेवतो तिथेच बोलतो. कीबोर्ड मात्र आंधळा आहे. त्याला कुणीतरी हात धरून न्यावं लागतं. आणि नेणाऱ्यानं मध्येच हात सोडला तर?

या हात धरून नेण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. एंटर आणि टॅब यांचं भांडण तिथूनच आलंय.

१९७१ साली आयबीएमनं ३२७० नावाचे टर्मिनल बाजारात आणले. एका मोठ्या कॉम्प्युटरला शेकडो टर्मिनल जोडलेले. प्रत्येक बटण दाबल्यावर मोठ्या कॉम्प्युटरला हाक मारणं परवडणारं नव्हतं. म्हणून सगळा फॉर्म टर्मिनलवरच भरायचा, एका चौकटीतून दुसरीत जायला टॅब, आणि सगळं भरून झालं की एंटर. एंटर म्हणजे 'घ्या, पाठवलं'. १९८७ साली आयबीएमनं पडद्यांची वागणूक कशी असावी याची नियमावली काढली, कॉमन युजर अ‍ॅक्सेस. त्यातही टॅबनं फिरायचं आणि एंटरनं पक्कं करायचं हीच रीत होती. विंडोजनंही हाच रस्ता धरला. आज ओके बटणाला ठळक कड असते आणि एंटर मारलं की ते दाबलं जातं, त्याचं मूळ तिकडे आहे.

दुसरं घराणं पीसीचं. अमेरिकेत वेन रॅटलिफ नावाचा एक इंजिनिअर जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करायचा. ऑफिसातल्या मित्रांमध्ये फुटबॉलच्या निकालांवर पैज लागायची. तिचा हिशेब सोपा जावा म्हणून त्यानं सत्तरच्या दशकाच्या शेवटी घरच्या कॉम्प्युटरवर एक डेटाबेस प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव व्हल्कन. पुढे तोच डीबेस टू या नावानं विकला गेला आणि त्याच्या पोटातून क्लिपर, फॉक्सबेस, फॉक्सप्रो अशी सगळी पिलावळ निघाली. इथे मोठा कॉम्प्युटर नव्हता, कुणाला हाक मारायची नव्हती. म्हणून एंटर म्हणजे 'ही चौकट झाली, पुढच्या चौकटीत चल'. चौकट पूर्ण भरली तर एंटरचीही गरज नसे. बारीक 'टुं' असा आवाज व्हायचा आणि कर्सर आपोआप पुढे जायचा.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे जे कॉम्प्युटरवर आलं, म्हणजे दूध संघ, पतसंस्था, बाजार समित्या, साखर कारखाने, त्यातलं पुष्कळसं या दुसऱ्या घराण्यातलं. तिकडच्या फुटबॉलच्या पैजांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचे वंशज इकडे उसाचं वजन लिहीत होते!

आणि साखर कारखान्यांचं म्हणाल तर आमचा जिल्हा त्यांचं माहेरच. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्यानंतर जिल्ह्यात किती धुराडी उभी राहिली ते मोजत बसत नाही. जिथे पाणी पोचलं तिथे ऊस गेला आणि जिथे नाही पोचलं, म्हणजे पाथर्डीसारख्या भागात, तिथली माणसं कोयता घेऊन तोच ऊस तोडायला निघाली. काट्यावर या दोघांचीही गाठ पडते. शेतकऱ्याचे पैसे आणि तोडणी-वाहतुकीचे पैसे, दोन्ही काट्यावरच्या एका आकड्यावर ठरतात.

*

तर २००३ साल. मी नुकता पास होऊन नगरमधल्या एका लहानशा कंपनीत लागलो होतो. जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या काट्यावरचा जुना फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम बदलून विंडोजवर नवा करून द्यायचं काम आम्हाला मिळालं. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये. कंपनीत त्या भाषेचं पुस्तक पूर्ण वाचलेला मी एकटाच होतो, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. माझी छाती दोन इंच फुगली होती, हे कबूल करतो.

काट्यावरचं काम असं. भरलेली गाडी काट्यावर चढते. मग ती ट्रॅक्टर-ट्रॉली असो, ट्रक असो की टायरची बैलगाडी. वजनाचं यंत्र सिरियल केबलमधून आकडा सतत कॉम्प्युटरकडे पाठवत राहतं. काटा क्लार्क चिठ्ठी बघून टोकन नंबर, सभासदाचा कोड, गट, वाहन असं टाकतो, वजन स्थिर झालं की पक्कं करतो, पावती निघते. गाडी गव्हाणीवर रिकामी होऊन परत आली की रिकाम्या गाडीचं वजन. वजाबाकी म्हणजे निव्वळ ऊस. हे काम रात्रंदिवस, सगळा हंगामभर. आणि तोडलेला ऊस उभ्या गाडीत तासागणिक वाळतो. वजन घटतं, उतारा घटतो. म्हणजे काट्यापुढची रांग लांबली की शेतकऱ्याच्या खिशातून थेंब थेंब गळत असतो.

तिथल्या जुन्या क्लार्कला सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा स्क्रीनकडे बघतच नसत. डोळे खिडकीतून गाडीवर, डावा हात चिठ्ठीवर, उजवा नंबर-पॅडवर. टकटकटक, एंटर, टकटक, टुं, एंटर. स्क्रीन मागे राहिला तरी फरक पडायचा नाही, कारण डॉसच्या जमान्यात पीसीच्या बायोसमध्ये पंधरा बटणांचा साठा असे. प्रोग्रॅम दुसऱ्या कामात असला तर दाबलेली बटणं तिथे रांगेत थांबायची आणि आली त्याच क्रमानं उचलली जायची. प्रोग्रॅम एका वेळी एकाच चौकटीत उभा. मध्ये घुसणारं कुणीच नाही. वेडावाकडा दिसायचा तो प्रोग्रॅम, पण बोट एकदाही चुकीच्या दारात सोडायचा नाही.

हे सगळं मला आज कळतंय. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, काय जुनाट काळा-निळा स्क्रीन आहे!

नव्या प्रोग्रॅममध्ये पहिलं गाऱ्हाणं आलं ते एंटरचं. अण्णा एंटर मारायचे आणि अर्धवट फॉर्म सेव्ह व्हायला जायचा. मी म्हटलं, "अण्णा, आता टॅब दाबायचा." नंबर-पॅडवर टॅब नसतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अण्णा शांतपणे म्हणाले, "डावा हात मग चिठ्ठी धरायला तुम्ही देता का?"

मग मी तेव्हाचा सगळ्यांना ठाऊक असलेला जुगाड केला. फॉर्मचं की-प्रिव्ह्यू चालू करायचं, एंटर आला की तो गिळायचा आणि सेंडकीजनं त्याच्या बदल्यात टॅब पाठवायचा. त्या काळचे व्हीबीचे किती प्रोग्रॅम यावर चालले असतील! पण सेंडकीज हे उघड्यावर टाकलेलं पत्र आहे. त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल ती ते उचलते. शिवाय अधूनमधून नमलॉकचा दिवा घालवायचं. (पुढे २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हा हीच ओळ 'परवानगी नाही' म्हणत कोसळायला लागली आणि अनेकांची झोप उडाली.) तरी त्या वेळी काम भागलं. नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला, हार घातले, नारळ फुटला, पेढे खाल्ले.

फेब्रुवारीत एक म्हातारे बाबा पावती घेऊन ऑफिसात आले. धोतर, टोपी, हातात ती मळकी घडी. शिरस्त्याप्रमाणे मला वाटलं, वजनाची तक्रार असणार. काट्याबद्दल कुणाच्या तरी मनात नेहमीच शंका असते. पण बाबा म्हणाले, "काटा खरा आहे. वजन बरोबर आहे. पण ह्यावरचं नाव माझं नाही."

दोन ट्रॉल्या ऊस त्यांचा, आणि जमा झालेला भलत्याच माणसाच्या नावावर. बाबांचा कोड चार आकडी होता, शेवटी ७. पावतीवर तोच कोड, पण शेवटचा ७ गायब. आणि उरलेल्या तीन आकड्यांचा एक खराखुरा सभासद दुसऱ्या गावात होता. म्हणून प्रोग्रॅमनं हूं की चूं केलं नाही.

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांचं तोंड उतरलं. वीस वर्षं काट्यावर काढलेला माणूस. मी म्हटलं, टायपिंगची चूक असेल. ते वाक्य आठवलं की आजही कसंतरी होतं.

*

ऑफिसात येऊन शोधायला लागलो. माझ्या टेबलावर काही केल्या चूक होईना. मग कोडच्या चौकटीतून फोकस जातो त्या जागी ब्रेकपॉइंट लावला. फोकसचा बग कधी शोधला असेल तर तुम्ही आत्ताच हसला असाल. ब्रेकपॉइंट लागला की डीबगरची खिडकी पुढे येते. म्हणजे फोकस डीबगरकडे जातो. म्हणजे तुम्ही जे बघायला आलात ते तुमच्या येण्यानंच बदललं. चोर पकडायला घरात बँडबाजा घेऊन शिरण्यासारखं आहे हे.

दोन दिवस वाया गेल्यावर उपाय सुचला तो अगदी साधा. थांबायचं नाही, फक्त लिहून ठेवायचं. फॉर्मवर कुठलंही बटण दाबलं की एका टेक्स्ट फाइलमध्ये एक ओळ: वेळ, कोणतं बटण, आणि त्या क्षणी फोकस कुणाकडे. की-प्रिव्ह्यूमुळे बटण आधी फॉर्मला दिसतंच, त्यामुळे काही निसटणार नव्हतं. तो प्रोग्रॅम घेऊन काट्यावर गेलो आणि रात्रभर अण्णांच्या शेजारी बसलो. बाहेर गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, मळीचा वास, आणि दर तासाला एक चहा.

पहाटे फाइल उघडली. एका ठिकाणी स्वच्छ दिसलं. तीन आकडे कोडच्या चौकटीत. चौथा आकडा दाबला तेव्हा फोकस सेव्हच्या बटणावर. त्याच्या पाठोपाठ एंटर, तोही सेव्हवर.

सेव्हच्या बटणाला आकड्याचं काय करायचं ते कळत नाही, ते तो गप्प टाकून देतं. एंटर मात्र त्याला कळतो. झालं! तीन आकड्यांचा कोड सेव्ह. आता फोकस तिथे नेला कुणी? मीच. वजन स्थिर झालं की अण्णांचा एक एंटर वाचावा म्हणून मी यंत्राकडून आकडा घेणाऱ्या कोडमध्ये एक ओळ टाकली होती: वजन स्थिर, तर सेव्हवर सेटफोकस. टेबलावर खोट्या यंत्राचं वजन एकदाच स्थिर व्हायचं. खऱ्या काट्यावर बैल पाय बदलतो, ड्रायव्हर खाली उतरतो, वजन हलतं, परत स्थिर होतं. दर वेळी माझी ओळ अण्णांच्या बोटाखालचा कीबोर्ड काढून घेत होती.

पण मग नोव्हेंबरात हे का दिसलं नाही? इथे दुसरा धागा आहे, वेगाचा. प्रत्येक सेव्हनंतर मी खालच्या ग्रिडमध्ये हंगामातल्या सगळ्या नोंदी नव्यानं भरत होतो, एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीला ग्रिड स्वतःला पुन्हा रंगवत होता. सुरुवातीला नोंदी शंभर, काही जाणवायचं नाही. फेब्रुवारीत हजारोंनी, तेव्हा पाच-सहा सेकंद. तेवढ्यात स्क्रीन गोठल्यासारखा दिसू नये म्हणून मी लूपमध्ये डूइव्हेंट्स टाकलं होतं. म्हणजे 'मध्ये मध्ये बाहेरच्यांना येऊ द्या'. बाहेरचे आले. अण्णा पुढच्या गाडीचे आकडे टाकू लागायचे, वजनाचा आकडा मध्येच यायचा, आणि ग्रिड भरून झाला की माझा कोड सगळ्या चौकटी पुसून फोकस पहिल्या चौकटीत आणायचा. अण्णा पुन्हा टाकायचे, आता घाईनं, कारण रांग वाढलेली. प्रोग्रॅम मंद झाला तशी चुकांना फट मोठी होत गेली. मी फोकस आणि वेग हे दोन वेगळे बग समजत होतो. ते एकच होते.

हे समजून घ्यायला विंडोजचा इतिहास उपयोगी पडतो. १६ बिटच्या जुन्या विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रॅमना मिळून इनपुटची एकच रांग होती. एक अडकला की सगळे अडकले. विंडोज एनटी (१९९३) आणि विंडोज ९५ पासून प्रत्येक थ्रेडला स्वतःची रांग मिळाली, त्यामुळे एकाच्या अडकण्यानं बाकीचे अडकेनात. पण मग पुढे कोण यावं यावर मारामारी सुरू झाली. म्हणून विंडोज ९८ आणि २००० मध्ये बंधन आलं: मागच्या प्रोग्रॅमनं वाटेल तेव्हा पुढे उडी मारायची नाही, फार तर टास्कबारवर लुकलुकायचं. म्हणजे परक्यापासून संरक्षण मिळालं. पण स्वतःच्याच प्रोग्रॅमनं स्वतःच्या युजरचा फोकस पळवला तर विंडोज काय करणार? घरचाच भेदी!

दुरुस्ती दोन दिवसांची होती. वजनाच्या कोडमधून सेटफोकस काढलं. वजन स्थिर झालं की फक्त आकड्याचा रंग हिरवा. सेंडकीज काढून पुढची चौकट कोणती ते स्वतः ठरवलं. ग्रिडमध्ये फक्त शेवटच्या वीस नोंदी, त्याही रंगवणं बंद ठेवून भरायच्या आणि शेवटी एकदाच दाखवायच्या. डूइव्हेंट्स हद्दपार. आणि अण्णांना विचारलं, अजून काय पाहिजे?

अण्णा म्हणाले, "तो आवाज होता ना, तेवढा द्या परत."

त्यांना कोड पूर्ण झाल्याचं त्या 'टुं'वरून कळायचं. टुं आलं नाही म्हणजे आकडा राहिला. त्या जुनाट स्क्रीनमध्ये कानांसाठी पडताळणी होती आणि मी ती सुंदर दिसण्याच्या नादात फेकून दिली होती. ती परत घातली.

बाबांची नोंद दुरुस्त झाली. मग हंगामातल्या सगळ्या नोंदी शेतावरून आलेल्या चिठ्ठ्यांशी ताडून बघितल्या. आणखी पंधरा-वीस सापडल्या, त्याही सुधारल्या. पण सगळ्या चिठ्ठ्या मिळाल्या नाहीत. काही भिजल्या होत्या, काही नव्हत्याच. त्यातल्या कुणाचा ऊस कुणाच्या नावावर राहिला, हे मला कधीच कळणार नाही. बाबांनी पावती वाचली म्हणून ते आले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं काय?

*

जेकब निल्सननं १९९३ सालच्या पुस्तकात आकडे दिलेत: उत्तर एक दशांश सेकंदात आलं तर माणसाला ते आपल्याच हातून झाल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर मन भटकतं. हे मी नंतर वाचलं. काट्यावर बसलो असतो तर पुस्तकाशिवाय कळलं असतं.

आता डेस्कटॉप मागे पडला, सगळं ब्राउझरमध्ये गेलं. पण भांडण तेच आहे. टॅलीनं विंडोजवर येऊनही 'एंटर म्हणजे पुढे' सोडलं नाही आणि आपल्या हिशेबनिसांची बोटं त्यावर वाढली. आपण मात्र वेबवर फोकसची निळी कड 'डिझाइनला शोभत नाही' म्हणून एका ओळीत घालवून टाकतो. वेबच्या सुगम्यतेचे नियम २००८ सालापासून सांगतायत की सगळं कीबोर्डनं करता आलं पाहिजे, फोकस दिसला पाहिजे, आणि तो कुठे अडकून पडता कामा नये. ज्यांना दिसत नाही, जे स्क्रीन रीडर वापरतात, त्यांना तर फोकस हाच डोळा.

पतसंस्थेतल्या त्या मुलीला मी निघताना विचारलं, "आधीचं सॉफ्टवेअर कसं होतं?" ती म्हणाली, "जुनं होतं, पण न बघता यायचं."

सोमवारी ऑफिसात गेल्यावर एक करून बघा. आपण बनवलेला एखादा स्क्रीन उघडा, माउस काढून ठेवा, आणि नजर खिडकीबाहेर ठेवून दहा नोंदी करा. बाहेर उसाच्या गाड्या उभ्या आहेत असं समजा.